तिसरी गैरहजेरी

"त्या काळी विडी वळणाऱ्या बायकांचे अज्ञान एवढे होते, की आमच्या दवाखान्यातली क्षयाची एक रोगी बाई इंजेक्शनसाठी स्वतः न येता आपल्या जावेला पाठवीत असे! घरातल्या कोणीही सुई टोचून घेतली की घरातला रोग जातो, अशी त्या भोळ्या बायकांची समजूत. पुढे आम्ही वस्तीत व्याख्याने दिली, पडद्यावर चित्रपट दाखवला, आणि हळूहळू त्यांच्यात जागृती येऊन दवाखान्यातली हजेरी वाढली."

हा मजकूर आमच्या जुन्या दवाखान्याच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ तेव्हा आमचे आरोग्य पर्यवेक्षक होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, प्रकृती ठणठणीत आहे, आणि स्मरणशक्ती त्यांना सोयीची असेल तेवढीच शाबूत आहे. हा किस्सा त्यांनी गेली कित्येक वर्षे लग्नाच्या पंगतींत, निरोपसमारंभांत आणि सकाळच्या फिरण्यात सांगितला. लोक हसले. मी समोर असलो तर हसलो नाही, आणि त्याबद्दल माझा स्वभाव तिरसट आहे असा निष्कर्षही लोकांनी काढला. तो निष्कर्ष बरोबर आहे. किस्सा चूक आहे.

जोवर तो तोंडी होता तोवर मी सोडून दिला. आता तो छापला गेला आहे आणि छापलेल्याला लोक खरे मानतात, म्हणून मला लिहिणे भाग आहे. मी त्या दवाखान्यात नोंदणी कारकून होतो. ज्या खिडकीतून ती जाऊ आपल्या हाताने कार्ड आत सरकवीत असे, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसत होतो. पर्यवेक्षकसाहेब पलीकडच्या खोलीत पंख्याखाली बसत. तेव्हा या एका विषयात माझा शब्द त्यांच्या शब्दापेक्षा वजनदार धरावा, ही माझी मागणी अवास्तव नाही.

सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. नागपूरच्या पूर्वेकडच्या अंगाला, हातमाग आणि विडीवर जगणाऱ्या वस्तीत, दोन खोल्या आणि एक ओसरी एवढाच आमचा दवाखाना होता. क्षयाच्या रोग्यांसाठी सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते अकरा. रोग्याने यायचे, खिडकीत कार्ड द्यायचे, मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे निळ्या शाईची खूण करायची आणि गोळ्यांची पुडी पुढे करायची. मग आत जाऊन त्याने सिस्टरकडून सुई घ्यायची; गर्दीत सिस्टरही तोंडे पाहत नसत. पुडीतल्या गोळ्या पुढच्या खेपेपर्यंत घरी घ्यायच्या. जो येणार नाही त्याच्या नावापुढे अकरा वाजता मी लाल फुली मारीत असे. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की नावावरून लाल रेघ. रेघ म्हणजे नाव कमी.

हा नियम कुणी दुष्टपणाने केला होता असे मी म्हणणार नाही. औषध मोजून येत असे आणि ओसरीत नवे रोगी ताटकळत असत. येणार नाही त्याची जागा येणाराला द्यावी, यात वरवर काही वावगे नव्हते. पण ज्याच्या नावावर रेघ पडली त्याला पुन्हा थुंकीची तपासणी, पुन्हा मोठ्या इस्पितळात जाऊन एक्स-रे, आणि मग यादीच्या शेपटाला जागा. तेवढे महिने फुप्फुस कुणासाठी थांबत नाही.

माझ्या खिडकीला लाकडी झडप होती आणि खाली अर्धगोल भोक. त्या भोकातून मला हात दिसत, चेहरे दिसत नसत. विडी वळणाऱ्या बाईचा हात मी हजारांत ओळखला असता. जर्द्याने अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे पिवळी पडलेली असत. पण सगळ्यांचीच तशी असत, त्यामुळे कोणता हात कोणाचा हे मला कधी कळले नाही, आणि मी कधी वाकून पाहिलेही नाही. कार्डावरचा क्रमांक पाहायचा, खूण करायची, पुढचे कार्ड. माझे रजिस्टर दवाखान्यात सर्वांत स्वच्छ आहे, एक खाडाखोड नाही, असे तपासणीला येणारे अधिकारी लिहून जात. त्याचा मला गर्व होता.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सुईनंतर वजन होत असे. हिवाळा सरत आला होता, त्या महिन्यातल्या वजनाच्या दिवशी आतून सिस्टरचा आनंदाचा आवाज आला. सिस्टर इथल्याच, मोकळ्या तोंडाच्या.

"काय वं बाई, काय खाऊन राहिली तू घरी? तेहेतीसची चोपन्न झाली ना!"

"काटा बिघडला असंन, बाई," काट्यावरची बाई म्हणाली.

"काटा काहून बिघडंन? तूच सुधरली. थांब, उतरू नको!"

सिस्टरने पर्यवेक्षकसाहेबांना हाक मारली. औषधाचा असा गुण कुणी पाहिला नव्हता. साहेब हौसेने आले, मला कार्ड वाचायला सांगितले. मी उठून दारात गेलो आणि वाचले : वय बावीस, वजन तेहेतीस, बांधा कृश. काट्यावर पस्तिशीच्या पुढची, दणकट खांद्यांची एक बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला हसू आवरत नव्हते आणि भीतीही लपत नव्हती.

"ही कोण?" साहेबांनी विचारले.

"मी तिची जाऊ. थोरली."

"मग ती कुठे आहे?"

"ते कामावर गेली, साहेब."

"आणि तिची सुई तू घेतलीस? आजपर्यंत किती घेतल्या?"

"चार-पाच असतीन. दुखते लई, पण घेतली."

"पण काहून?" सिस्टरने कपाळाला हात लावला. "तुले काय झालं होतं? ते औषध का शेव-चिवडा हाय?"

"तिचं नाव कापाले नाही पायजे म्हनून," थोरली म्हणाली. "माह्यावर रागवा तुम्ही. तिचं नाव नका कापू, साहेब."

हे उत्तर स्मरणिकेत नाही. ते दिले गेले तेव्हा पर्यवेक्षकसाहेब तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. ते आधी पोट धरून हसले, म्हणाले, "रोग धाकटीला आणि सुई थोरलीला! उद्या सासूला घेऊन ये, तिलाही टोचू." मग एकाएकी त्यांना राग आला, कारण महिन्याच्या अहवालात हजेरी दाखवताना ते या खुणांवरच विसंबले होते. ते माझ्याकडे वळले.

"ही सरळ फसवणूक आहे. नाव कमी करा. रेघ मारा."

थोरली दारातच खाली बसली. मी टेबलापाशी गेलो, लाल शाईचा टाक उचलला, आणि परत ठेवला.

इथे मी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्याबद्दलही एक कथा फिरते आणि तीही मला मान्य नाही. माझ्या पुतण्याच्या मते त्या क्षणी मला दया आली. मला दया आली नव्हती. मला अपमान वाटला होता. माझ्या रजिस्टरमधल्या निळ्या खुणा खोट्या निघाल्या होत्या. जिला मी हजर म्हटले ती हजर नव्हती. किती खुणा खोट्या आणि किती खऱ्या, हे समजल्याखेरीज मी त्याच पानावर आणखी एक अक्षर उमटवणार नव्हतो. आमचे घर पारशिवनीकडचे, शेतकऱ्याचे. बैल नांगराच्या तासात अडून उभा राहिला की वडील आधी जू उतरवून त्याचा खांदा पाहत, मग मारायला हाताला लागेल ते घेत. ती सवय माझ्यात उतरली असावी. तिला दया म्हणायचे असेल तर पुतण्याने म्हणावे.

"रेघ मी मारणार नाही," मी म्हणालो.

"मग द्या इकडे, मी मारतो."

"रजिस्टरचा चार्ज माझ्याकडे आहे, साहेब. ज्याचा चार्ज त्याचेच अक्षर, असा नियम आहे. तुम्हीच मागच्या तपासणीत मला तो दाखवला होता."

"तुम्ही कारकून आहात, डॉक्टर नाही."

"म्हणूनच रजिस्टर माझ्याकडे आहे. डॉक्टर सोमवारी येतील. तोपर्यंत ते कपाटात राहील आणि किल्ली माझ्या खिशात राहील."

डॉक्टर त्या आठवड्यात भिवापूरच्या बाजूला शिबिरासाठी गेले होते. चार दिवस मला मिळाले. पर्यवेक्षकसाहेबांनी त्याच दुपारी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार तयार केली, आणि चहाच्या वेळी तो किस्सा पहिल्यांदा सांगितला. भोळ्या समजुतीचा भाग त्यात तेव्हाच घातला गेला. तिच्या तोंडून तशी समजूत कुणीही ऐकली नव्हती.

शुक्रवारी मी ते पान काढून बसलो. सुरुवातीच्या सात-आठ आठवड्यांत धाकटीच्या नावापुढे एकही फुली नव्हती. ओळीने निळ्या खुणा. मग एका गुरुवारपासून ओळ बदलली होती. कशी बदलली होती ते पुढे येईल. मी ते पान दोनदा पाहिले, मग उठलो, आणि शनिवारची रजा लिहून दिली.

शनिवारी सकाळी आठला मी विडीच्या ठेकेदाराच्या गोदामासमोर उभा होतो. वीस वर्षे त्या शहरात काढूनही मी तिथे कधी गेलो नव्हतो. बायकांची रांग लांबपर्यंत गेली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली, टोपलीत काल वळलेल्या विड्यांचे कट्टे. आत मुनीम बसला होता. तो कट्टा उचलून पाही, वाईट विड्या बाजूला टाकी, कार्डावर लिही आणि दुसऱ्या दिवसासाठी तेंदूपत्ता आणि जर्दा तोलून देई. पण हे सगळे करण्याआधी तो एक गोष्ट करी, ती पाहून मी रांगेबाहेर उभ्याउभ्या शरमलो.

"पदर काढ वं. तोंड दाखव," तो प्रत्येकीला म्हणे. "कार्ड जिचं, तिनंच यावं. बहीण नाही, भावजय नाही."

एकीने कुरकुर केली, "रोज पाहता ना गा, मुनीमजी. आज काय नवी नवरी हाय मी?"

"नवरी नाही, म्हनूनच पाहून घेतो," तो म्हणाला आणि रांग हसली.

मुनीम चेहरा पाहत होता. मी कार्ड पाहत होतो. एका जावेला दुसरीच्या जागी कुठे उभे राहता येईल आणि कुठे येणार नाही, हे त्या दोघींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

गोदाम उघडण्याची वेळ आठ. बंद होण्याची अकरा. आमच्या दवाखान्याच्या पाटीवर तेच दोन आकडे मी स्वतः रंगवले होते.

रांग संपल्यावर मी दोघींच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. एक खोली, पुढे पडवी. पडवीत भिजवलेली पाने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. धाकटी इतकी बारीक होती, की तेहेतीस किलो हा आकडा मला तेव्हा पहिल्यांदा समजला. मला पाहून तिने खोकला दाबला. थोरलीने मात्र पाट टाकला.

"बसा, बाबू. नाव कापलं का?"

"नाही अजून. मला एवढं सांगा, ही आधी बरोबर येत होती. मग का थांबली?"

"तवा हिच्यापाशी विडीचं कार्ड कुठं होतं? दिवाळीनंतर महिन्याभरानं भेटलं. नवं हाय. नवीवाली एक दिवस नाही गेली का मुनीम कार्ड दुसरीले देते. अन् खोकते म्हनून कळलं तं त्याच दिवशी देते. म्हनून हिले गोदामात जाच लागते."

"आणि तुम्ही?"

"माह्यं कार्ड बारा वर्साचं हाय. मी एखाद दिवशी नाही गेली तं तो मले शिव्या देते, पाने देत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिव्या देते अन् देते. शिव्या खाऊन मी काही मरत नाही."

"अन् मी गेली असती दवाखान्यात तं माह्यं कार्ड गेलं असतं, अन् हिच्या एकटीच्या विड्यावर घर भागत नाही," धाकटी म्हणाली. एवढेच बोलायला तिला दोनदा थांबावे लागले. मग तिने मला खरा प्रश्न विचारला. "रेघ मारल्यावर पुन्हा नाव लागते का, भाऊ? आमच्या गल्लीतल्या तिघींचं नाही लागलं."

त्या तिघींवरच्या रेघा माझ्या हातच्या होत्या. मी तिला सांगितले, की सोमवारी गोदाम आटोपून दोघींनी यावे, डॉक्टरांना मी थांबवून ठेवतो. कामाचा दिवस बुडेल तो बुडेल, पण दोघींनी यावे.

उठताना भिंतीवर लक्ष गेले. खिळ्याला विडीच्या दोऱ्यात ओवलेली कागदांची एक माळ अडकवली होती. आमच्या पुड्यांचे रिकामे कागद होते ते. प्रत्येकावर माझ्या अक्षरात तिच्या कार्डाचा क्रमांक आणि तारीख. मी ती माळ मागून घेतली. धाकटी ती द्यायला तयार नव्हती. "गोळ्या मीच खाल्ल्या का, असं डॉक्टरनं पुसलं तं दाखवाले लागन," म्हणाली. मी म्हटले, डॉक्टरांनाच दाखवतो.

सोमवारी डॉक्टर आले. अबोल मनुष्य, पण नीट ऐकणारे. पर्यवेक्षकसाहेबांनी आधी आपली तक्रार वाचली : फसवणूक, अज्ञान, आणि माझी अवज्ञा. त्यांचे म्हणणे संपल्यावर डॉक्टरांनी थोरलीला विचारले, "बाई, तुम्हाला हे औषध नको होतं. त्यानं कान जातात कधीकधी. माहीत होतं?"

"नव्हतं, साहेब."

"माहीत असतं तर घेतलं असतं?"

तिने थोडा विचार केला. "एका कानानं बी ऐकू येते ना, साहेब."

सिस्टरने तोंड फिरवले. पर्यवेक्षकसाहेब म्हणाले, "बघा, हेच ते अज्ञान."

"मग तुम्ही प्रत्येक खेपेला का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारले.

"प्रत्येक खेपेले कशी येऊ? माह्यी पानं बुडते ना. तिसऱ्या खेपेलेच येतो मी. दोन वेळा नाही आलं तं नाव कापत नाही तुमी. बाबूनं पाटीवर लिहून ठेवलं हाय, शाळेत जाणाऱ्या पोट्टीनं वाचून दाखवलं."

तेव्हा मी कपाटातून रजिस्टर काढले आणि डॉक्टरांपुढे ते पान उघडले. त्यांनी धाकटीच्या नावावर बोट ठेवले आणि सरकवत नेले. फुली, फुली, खूण. फुली, फुली, खूण. फुली, फुली, खूण. दिवाळीनंतरच्या त्या गुरुवारपासून शेवटपर्यंत, एकदाही न चुकता. दोन बायकांनी, ज्यांतल्या एकीलाही सही करता येत नव्हती, आमचा नियम आमच्यापेक्षा काटेकोरपणे पाळला होता. कुणीही सुई घेतली तर रोग जातो अशी जर त्यांची समजूत असती, तर थोरली दर खेपेला आली असती. ती फक्त तेव्हाच आली, जेव्हा रेघ पडणार होती.

डॉक्टरांनी रजिस्टर मिटले. "नाव राहील. उपचार पहिल्यापासून सुरू करू," ते म्हणाले. मग मला विचारले, "गोदाम किती वाजता बंद होतं?"

"अकराला."

"मग आपण तीनला उघडू."

"दुपारी तीनला? नागपुरात? एप्रिल-मेमध्ये?" पर्यवेक्षकसाहेब उभे राहिले. "कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही, साहेब. या बाया येतील?"

"कुत्र्याचं मले माहीत नाही," थोरली म्हणाली. "आमी येऊ."

सिस्टर म्हणाल्या, "मले चालते. माह्यी पोरगी शाळेतून पाचाले येते."

असे ते ठरले. ठरले म्हणजे त्या खोलीत ठरले. वरची मंजुरी आली नव्हती. डॉक्टरांनी पत्र पाठवले, उत्तर आले नाही. गुरुवारी मी ब्रश घेतला आणि पाटीवरचे आठ आणि अकरा पुसून तीन आणि पाच रंगवले. दोन महिन्यांनी वरून विचारणा झाली, की वेळ कोणाच्या आदेशाने बदलली. उत्तराचा मसुदा मी लिहिला. चार ओळींचे स्पष्टीकरण, आणि सोबत त्या पानाची नक्कल, लाल आणि निळ्या शाईत जशीच्या तशी. पुन्हा विचारणा झाली नाही. मे महिन्यात दुपारी तीनला ओसरीची फरशी पाय ठेवू देत नव्हती, आणि ओल्या फडक्यांनी डोकी झाकलेल्या बायकांची रांग त्याच फरशीवर उभी होती. मी खिडकीची झडप काढून टाकली होती. मुनीमासारखे प्रत्येकीचे तोंड पाहूनच मी खूण करीत असे. कारण मात्र वेगळे होते.

रविवारी मी दुसरे काम हाती घेतले. जुनी रजिस्टरे काढली आणि जिथे जिथे माझ्या हातची लाल रेघ होती, ते पत्ते लिहून घेतले. यादी लांब निघाली. किती लांब, ते मी सांगणार नाही. तो आकडा माझा आहे. दर रविवारी चार-पाच घरे. काही जणी परत आल्या. काही घरांत दुसरीच माणसे राहत होती. धाकटीच्या गल्लीतल्या तिघींपैकी दोघींची नावे पुन्हा लागली. तिसरीच्या दारात तिच्या सासूने मला पाणी दिले आणि सांगितले, "उशीर केला, बाबू." मी पाणी प्यालो आणि पुढच्या घरी गेलो. तो उद्योग मी बदली होईपर्यंत सोडला नाही.

कामगारांच्या एका पुढाऱ्यांनी पुढे भाषणात सांगितले, की दवाखान्याची वेळ त्यांच्या मोर्च्यामुळे बदलली. मोर्चा निघाला होता, हे खरे आहे. तो सकाळी दहा वाजता दवाखान्यावर आला आणि त्याला कुलूप दिसले, कारण वेळ बदलून तेव्हा सहा आठवडे झाले होते. त्यांनी कुलपासमोर अर्धा तास घोषणा दिल्या. त्यात बाई एकही नव्हती. बायका गोदामाच्या रांगेत होत्या. आणि पर्यवेक्षकसाहेबांचा चित्रपट? तो चांगला होता, मीही पाहिला. पण वस्तीत पडदा लागला तो पावसाळा संपल्यावर. हजेरी वाढली ती उन्हाळ्यात.

धाकटीचा उपचार दीड वर्ष चालला. शेवटच्या वजनाला काटा सेहेचाळीसवर थांबला. सिस्टरने आधी तिचे तोंड नीट पाहून घेतले, मग हाक मारली, "थोरली तं नाही ना वं तू?" आणि सगळी ओसरी हसली. त्या हसण्यात मीही होतो. तेव्हा मला हसताच येत नाही, हाही आरोप खोटा आहे.

स्मरणिका हाती आल्यावर मी संपादकांना पत्र लिहिले. तरुण गृहस्थ आहेत. त्यांनी नम्रपणे कळवले, की प्रसंग विनोदी आहे, कुणाचे नाव नाही, तेव्हा दुरुस्तीची गरज वाटत नाही. आणि फुली-फुली-खूण हा योगायोगही असू शकतो, असे पर्यवेक्षकसाहेबांचे म्हणणे त्यांनी सोबत जोडले. कुणाचे नाव नाही, हे खरे. पण ज्या बाईने दुसरीचे नाव राहावे म्हणून पाच वेळा नको ते औषध अंगात घेतले, तिला इतकी वर्षे मूर्ख म्हटले जात आहे, आणि तिच्या बाजूने बोलू शकेल असा साक्षीदार आता मी एकटा उरलो आहे.

योगायोगाचेच म्हणणे असेल तर मी फुल्या सोडून देतो. खुणाही सोडून देतो. डॉक्टरांना दाखवल्यावर माझ्याकडेच राहिलेली ती कागदांची माळ माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे, आणि दिवाळीनंतरचे जे कागद तिच्यात आहेत ते त्या पाच खेपांचे आहेत, ज्या खेपांना खिडकीत हात थोरलीचा होता. सुई घरी नेता येत नाही, म्हणून ती तिने स्वतःच्या अंगात घेतली. गोळ्या घरी नेता येतात. पाचही वेळा पुडी पदराला बांधून तिने ती धाकटीच्या हातावर नेऊन ठेवली, आणि त्यांतली एकही गोळी स्वतःच्या तोंडात घातली नाही.